आधी बादली ओता, मग फवारा मागवा

डास, झुरळं आणि उंदीर आपल्याला आजारी पाडतात, हे खरंच. पण त्यांना हाकलायला घरात आणलेलं औषधही काही साधुसंत नाही. पनवेलकरांनी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर फिरवण्याआधी वाचावं असं काही...

जून जवळ आला की पनवेल, कामोठे, खारघरच्या लिफ्टमध्ये एक कागद हमखास चिकटवलेला दिसतो. ‘झुरळं, ढेकूण, वाळवी, उंदीर, डास... सगळ्यांचा खात्रीशीर बंदोबस्त! हर्बल! बिनवासाचं! एक वर्षाची गॅरंटी!’ खाली वन बीएचकेचा रेट, टू बीएचकेचा रेट आणि कात्रीने कापून ठेवलेल्या फोन नंबरच्या पट्ट्या. शनिवारपर्यंत निम्म्या पट्ट्या गायब. साहजिकच आहे. आठवडाभर हार्बरच्या लोकलमध्ये लटकून घरी यायचं आणि रात्री पाणी प्यायला उठावं तर ओट्यावर झुरळांची मीटिंग भरलेली, हे कोणाला आवडेल? फोन लावायचा, पैसे द्यायचे, विषय संपला.

तो संपत नाही, म्हणून तर हा लेख.

यंदा आमच्या न्यू पनवेलच्या सोसायटीत वार्षिक कंत्राटासाठी कोटेशन्स गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘तू आयटीतली, तुला एक्सेल येतं,’ हे सेक्रेटरी काकांचं लॉजिक. तीन कोटेशन्स आली. तिन्हींत ‘हर्बल’ हा शब्द होता, औषधाचं नाव मात्र एकातही नव्हतं. फोन करून विचारलं तर पहिला म्हणाला, ‘मॅडम, ते कंपनीचं सीक्रेट आहे.’ दुसरा म्हणाला, ‘इम्पोर्टेड आहे, टेन्शन घेऊ नका.’ तिसऱ्याने फवाऱ्यासाठी सायपरमेथ्रिन आणि जेलसाठी फिप्रोनिल अशी सरळ नावं सांगितली आणि लायसन्सची कॉपी मेल केली. त्याचा रेट अर्थातच सगळ्यात जास्त होता.

तिथून माझी चौकशी सुरू झाली. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही मंडळी कोण, हे शोधताना कळलं की शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटकांना मारणारं द्रव्य असतं आणि त्याच्या धर्तीवर ही रसायनं कारखान्यात तयार होतात. ‘हर्बल’चा उगम बहुधा इथे असावा! पुढे जे जे वाचलं, त्यातून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. कीड घरात का येते हे न बघता नुसता फवारा मारला, तर पैसे जातात, कीड परत येते आणि विष तेवढं घरात राहतं.

तीन डास, तीन पत्ते

आपलं पनवेल मुळात पाण्याचं गाव. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी, पलीकडे खाडी, गावात वडाळ्यासारखे जुने तलाव, आजूबाजूला एके काळची भातशेती. त्यावर सिडकोचे सेक्टर उभे राहिले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि टॉवरची संख्या वाढतच राहिली. खोदलेला पाया, लिफ्टचा खड्डा, स्लॅबवर शिंपलेलं पाणी, उघडी टाकी. बांधकाम चालू असलेलं शहर म्हणजे डासांसाठी रेडी पझेशन.

पण ‘डास’ हा एकच प्राणी नाही, आणि इथेच आपली गल्लत होते. गटार, नाला, सेप्टिक टँक यांच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. संध्याकाळी खाडीकडून थवेच्या थवे येतात ते बहुतेक हेच. हत्तीरोग पसरवणारा डास याच कुळातला. शहरातला हिवताप, म्हणजे मलेरिया, पसरवणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्साय हा स्वच्छ पाण्याचा शौकीन. विहीर, गच्चीवरची टाकी आणि बांधकामावरचं साठलेलं पाणी त्याला फार प्रिय. मुंबईच्या हिवतापाचं मूळ विहिरी आणि टाक्यांत आहे, हे डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मांडलं होतं. त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच मुंबईत मलेरियाचे ७५ हजारांहून अधिक रुग्ण सापडले. विहिरी बुजल्या, पण टाक्या आणि बांधकामाची साइट होतीच.

तिसरा एडिस, म्हणजे डेंग्यू आणि चिकुनगुनियावाला. पायावर पांढरे पट्टे. हा दिवसाढवळ्या चावतो, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीला तो हसतो. त्याला गटार लागत नाही. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, टीव्हीशेजारी ठेवलेला तो ‘लकी’ बांबू, शेडवर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीची घडी, एवढी जागा त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून भांडं नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं.

आता बाहेर धूर सोडणारी गाडी येते, तिचं काय? तिच्या धुराने त्या क्षणी उडत असलेले डास मरतात. ताटलीतल्या अळ्यांना त्याचा पत्ताही नसतो. चार दिवसांनी नवी बॅच हजर! धुराची गाडी साथीत तातडीचा उपाय म्हणून ठीक आहे, पण ती येऊन गेली म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. एडिस जन्मला तिथून शे-दोनशे मीटरच्या परिसरातच बहुधा वावरतो. तेव्हा तुम्हाला डेंग्यू झाला असेल तर तो डास तुमच्या किंवा शेजारच्या बिल्डिंगमधला असण्याचीच शक्यता जास्त. ‘हे सगळं त्या झोपडपट्टीमुळे’ हे आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं आवडतं वाक्य म्हणूनच खोटं ठरतं. पालिकेची माणसं पाणी तपासायला येतात तेव्हा झोपडपट्टीत दार उघडं असतं. आमच्या टॉवरमध्ये वॉचमनकाकाच त्यांना गेटवरून परत पाठवतात.

रसायनीची गोष्ट

फवाऱ्यावर एवढा विश्वास आपल्याकडे आला कुठून? उत्तर पनवेलच्या शेजारीच आहे. पाताळगंगेच्या काठच्या रसायनीला सत्तरच्या दशकात हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा कारखाना आला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याला लागणारं डीडीटी देशातच बनवायला १९५४ मध्ये ही कंपनी निघाली. रसायनीतही डीडीटी बनत असे.

डीडीटीने चमत्कार केला होता, हे मान्य करायलाच हवं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या काळात देशात वर्षाला अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि ८ लाख माणसं दगावायची. घराघरांच्या भिंतींवर फवारणी झाली आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांचा आकडा वर्षाला लाखाच्या आसपास आला. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. मग काय झालं? डासांमध्ये डीडीटीला दाद न देण्याची ताकद आली, पैसा आणि लक्ष दोन्ही आटलं, शहरातल्या टाक्यांकडे बघायला कोणी नव्हतं. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

दरम्यान, १९७१ मध्ये शहरांसाठी वेगळी हिवताप योजना आली होती. तिचा भर भिंतीवरच्या फवाऱ्यापेक्षा अळ्यांवर होता. टाकीला घट्ट झाकण, साठलेल्या पाण्यात अळीनाशक, विहिरीत आणि हौदात गप्पी मासे, आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’. शाळेच्या भिंतींवर रंगवलेली ही वाक्यं आपण लहानपणापासून वाचतोय. कंटाळवाणी वाटतात, पण ती ६४ लाख रुग्णांचा अनुभव घेऊन आलेली आहेत.

ट्रॉलीखालचा भाडेकरू

झुरळाचं प्रकरण आणखी गमतीशीर. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून येतं ते मोठं लालसर झुरळ वेगळं आणि मॉड्युलर किचनच्या ट्रॉलीत संसार थाटतं ते लहान, भुरकट झुरळ वेगळं. या दुसऱ्याच्या मादीची अंड्यांची एक पिशवी म्हणजे तीस-चाळीस पिल्लं. ते येतं किराण्याच्या खोक्यातून, ऑनलाइन ऑर्डरच्या पुठ्ठ्यातून, जुन्या फ्रिजबरोबर. गॅसच्या पाइपभोवतीची फट, सिंकखालचा ओलावा आणि ट्रॉलीच्या रुळात साचलेलं तेल हे त्याचं रोटी, कपडा, मकान.

झुरळ म्हणजे फक्त किळस, असं मला वाटत होतं. पण त्याची विष्ठा, लाळ आणि अंगाचे बारीक कण धुळीत मिसळून श्वासात जातात. १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांमधल्या दमेकरी मुलांचा एक मोठा अभ्यास छापून आला. ज्या मुलांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत हे कणही भरपूर होते, त्यांना दम्यासाठी हॉस्पिटलमध्ये दाखल करण्याचं प्रमाण इतर मुलांच्या ३.४ पट होतं. तेव्हा रात्रीचा खोकला दर वेळी ‘हवा बदललीय’ म्हणून सोडून देऊ नका. पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर धरणारी काळी बुरशी हीसुद्धा त्याच टीममधली खेळाडू. तिथे फवारा उपयोगाचा नाही, गळती बंद करावी लागते.

मग झुरळ मारायचं कसं? न्यूयॉर्कच्या सरकारी इमारतींमध्ये याची तुलना झाली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही घरांत नेहमीचं पेस्ट कंट्रोल चालू ठेवलं. काही घरांत आधी कसून सफाई केली, फटी बुजवल्या आणि मग मोजक्या जागी जेल आणि आमिष लावलं. या दुसऱ्या घरांत झुरळं जास्त कमी झाली आणि स्वयंपाकघरातले ॲलर्जीचे कणही घटले. यामागचं कारण सोपं आहे. उग्र फवाऱ्याने झुरळं बिथरतात आणि डक्टमधून शेजारच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट होतात. जेल खाऊन गेलेलं झुरळ बिळात जाऊन मरतं आणि त्याला खाणारी भावंडंही मरतात. अट एकच, जेल लावलेल्या जागी वरून स्प्रे मारायचा नाही. त्या वासाने ती जेलकडे फिरकतच नाहीत.

उंदरांबद्दल थोडक्यात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं दगावली. उंदराच्या लघवीतले जंतू तुंबलेल्या पाण्यातून पायावरच्या जखमेवाटे शरीरात जातात. आपल्याकडेही भरतीच्या वेळी पाऊस आला की कळंबोलीसारख्या सखल भागात पाणी तुंबतं. अशा पाण्यातून चालत घरी आलात आणि पुढच्या आठवड्यात ताप भरला, तर डॉक्टरांना ‘पाण्यातून चाललो होतो’ हे आठवणीने सांगा. एका वाक्याने निदान लवकर होतं.

बंद खोलीतला पाहुणा

आता नाण्याची दुसरी बाजू. डास पळवायला आपण रात्री कॉइल लावतो, वर खिडक्या बंद. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २०११ मध्ये सांगितलं होतं की बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण सुमारे १०० सिगारेटींएवढे असतात. घरात कोणी सिगारेट पेटवली तर आपण त्याला बाल्कनीत हाकलतो आणि बाळाच्या पाळण्याशेजारी कॉइल लावून झोपतो! खिडक्यांना जाळ्या आणि बेडला मच्छरदाणी हा जुना, थोडा ‘डाउनमार्केट’ वाटणारा उपाय छातीसाठी सगळ्यात स्वस्त पडतो.

पेस्ट कंट्रोलचंही तसंच. २०२० च्या फेब्रुवारीत पुण्यात बिबवेवाडीत घरात पेस्ट कंट्रोल झाल्यानंतर एका दांपत्याचा मृत्यू झाला. फवारणीनंतर खिडक्या उघडून घर मोकळं न ठेवता आत झोपणं किती महागात पडू शकतं, ते अशा बातम्यांतून कळतं. लहान मुलांना धोका जास्त, कारण ती फरशीवर रांगतात, हात तोंडात घालतात आणि वजनाच्या मानाने जास्त श्वास घेतात. घरात गरोदर बाई, दम्याचा पेशंट, मांजर किंवा फिश टँक असेल तर ते फवाऱ्याआधी सांगायलाच हवं. सायपरमेथ्रिनचा थोडासा अंशही माशांना पुरतो.

सगळ्यात वाईट म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. धान्याच्या गोदामांसाठी बनवलेल्या या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडतात. त्याच्यावर उतारा नाही. सुरुवातीला उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसतात, त्यामुळे ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून वेळ जातो. वायू फटींतून शेजारच्या घरातही शिरतो. नियमानुसार या गोळ्या सामान्य ग्राहकाला विकता येत नाहीत. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी कोणी ‘गोळ्या ठेवून दार बंद करतो’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. फवारणीनंतर कोणालाही मळमळ, चक्कर, धाप जाणवली तर आधी मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा आणि औषधाचं नाव डॉक्टरांना दाखवा.

पाठीवर पंप घेतलेला मुलगा

या सगळ्यात एक माणूस आपल्या हिशेबात येतच नाही. आमच्याकडे डेमोला आलेला मुलगा जेमतेम विशीतला होता. पाठीवर पंप, पायात स्लिपर, तोंडाला काहीच नाही.

‘मास्क नाही का रे?’

‘बॅगेत आहे ताई. घातला की गुदमरतं.’

‘दिवसाला किती घरं करतोस?’

‘सीझनला आठ-दहा होतात.’

‘मग जेवतोस कुठे?’

‘मधेच वडापाव. हात पुसून घेतो ना.’

आपण एका घरात वर्षातून चारदा फवारा सहन करतो, तो दिवसातून दहादा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. तिथली औषधं जहाल होती, प्रमाणही मोठं होतं. पण उघड्या हाताने, उघड्या तोंडाने फवारायची पद्धत तीच. आमच्या कंत्राटात आम्ही एक ओळ वाढवली. हातमोजे, मास्क आणि बूट घातल्याशिवाय काम सुरू होणार नाही आणि काम झाल्यावर साबण-पाणी सोसायटी देईल. सेक्रेटरी काका आधी कुरकुरले, मग स्वतःच साबणाची वडी घेऊन आले.

फोन करण्याआधी हे विचारा

- लायसन्स आहे का? कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्याच्या नियमांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो. महाराष्ट्रात तो कृषी विभाग देतो. कॉपी मागायला लाजू नका.
- औषधाचं नाव काय? ‘हर्बल’ हे नाव नव्हे. मूळ डबा समोर आणायला सांगा. पाण्याच्या बाटलीत भरून आणलेलं औषध परत पाठवा.
- डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा? लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. लाल-पिवळा डबा घरात कशाला हवा?
- जेलने भागेल का? स्वयंपाकघरात फवाऱ्याआधी हा प्रश्न विचाराच.
- किती तास बाहेर राहायचं? हे लेबलवर लिहिलेलं असतं. परत आल्यावर खिडक्या उघडा, पंखे लावा, ओटा आणि भांडी धुवा, मगच कुकर लावा.
- शेजाऱ्यांना सांगितलं का? डक्ट सगळ्यांची एकच असते.

चारशे मीटरचा नियम

८ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडायला लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, फ्लॅटचे भावही टेकऑफ झाले. पण ब्रोशरमध्ये न छापलेली एक गोष्ट सांगते. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार प्रवासी आणि सामानाची ये-जा होते त्या जागेपासून किमान ४०० मीटरपर्यंत डासांसारख्या रोगवाहकांवर नियंत्रण ठेवावं लागतं. डास विमानात बसून दुसऱ्या देशात आजार नेऊ शकतो, म्हणून हा नियम. परदेशी जाणाऱ्या माणसासाठी जगाने एवढी काळजी घेतलीय, तर रोज रात्री त्याच परिसरात झोपणाऱ्या माणसासाठी आपणच का घेऊ नये?

आमच्या सोसायटीने कंत्राट त्या तिसऱ्यालाच दिलं, पण फवाऱ्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या. वाचलेल्या पैशांत टाक्यांची झाकणं बदलली आणि डक्टला जाळ्या बसवल्या. दर रविवारी अकरा वाजता चार जण हातात टॉर्च घेऊन गच्चीपासून पार्किंगपर्यंत फेरी मारतात. पहिल्या रविवारी दोन जुने टायर, एक फुटकं कमोड आणि पेंटच्या सात बादल्या सापडल्या. सातपैकी पाचांमध्ये अळ्या वळवळत होत्या, आणि त्यातली एक बादली आमच्याच मजल्यावर, जिन्यात होती. ती ओतून, घासून उलटी ठेवायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुमच्या जिन्यातही अशी एखादी बादली असेल. या रविवारी बघाच.